संथ वाढणाऱ्या एनटीएमची संवेदनशीलता चाचणी : या चुका टाळा

क्षयरोगाच्या जंतूंसाठी आखलेला औषधांचा संच जसाच्या तसा एनटीएमला, म्हणजे क्षयरोग आणि कुष्ठरोगाखेरीजच्या मायकोबॅक्टेरियांना, लावण्याची खोड अनेक प्रयोगशाळांतून अजून गेलेली नाही. मायकोबॅक्टेरियम कन्सासी क्षयरोगासाठी ठरवलेल्या आयसोनियाझिडच्या मात्रेवर तपासला, तर तो बहुधा प्रतिरोधक दिसतो आणि उपयोगी पडू शकणारे औषध विनाकारण बाद होते. मॅकमध्ये, म्हणजे मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स या गटात, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल यांच्या एमआयसीचा (जंतूंची वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेचा) उपचारांच्या परिणामाशी मेळ बसत नाही, म्हणून सीएलएसआय या चाचण्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेने त्यांना ब्रेकपॉइंट, म्हणजे संवेदनशील की प्रतिरोधक हे ठरवणाऱ्या सीमा, दिलेले नाहीत. तरीही रकाना रिकामा दिसू नये एवढ्यासाठी त्यांच्यापुढे ‘एस’ (संवेदनशील) किंवा ‘आर’ (प्रतिरोधक) लिहिणारे भेटतातच. मॅकसाठी क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमिकासिन, कन्सासीसाठी रिफॅम्पिसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, एवढे आधी नीट करावे. ॲझिथ्रोमायसिन वेगळे लावायची गरज नसते, क्लॅरिथ्रोमायसिनचा निकाल त्यालाही लागू होतो.

मला सर्वाधिक चीड येते ती सस्पेन्शनमधल्या (द्रवात मिसळलेल्या जंतूंच्या) गुठळ्यांकडे डोळेझाक करण्याची. एका प्रयोगशाळेने मॅकचा एक स्ट्रेन फेरतपासणीसाठी पाठवला होता. त्यांच्या अहवालात क्लॅरिथ्रोमायसिनची एमआयसी मिलिलिटरला 64 मायक्रोग्रॅम होती. 32 पासून पुढे प्रतिरोधक धरतात. रुग्णाने मॅक्रोलाइड, म्हणजे क्लॅरिथ्रोमायसिनच्या गटातले औषध, कधीही घेतलेले नव्हते आणि अशा रुग्णात हा प्रतिरोध विरळा असतो, त्यामुळे शंका तिथेच यायला हवी होती. चौकशीत कळले, की वसाहती खरवडून, व्हॉर्टेक्स करून (यंत्रावर घुसळून) सस्पेन्शन लगेच 0.5 मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मानकाला जुळवले होते आणि प्लेट भरली होती. गुठळ्यांमुळे गढूळपणा फसवा ठरतो आणि प्लेटच्या ज्या वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, गुठळी पडते तिथे जंतूंचा भार कितीतरी वाढतो. काचमणी घालून हलवले, गुठळ्या तळाशी बसू दिल्या, वरचा द्रव वेगळा काढून मगच जुळवला, तेव्हा एमआयसी 2 आली; मॅक्रोलाइडला प्रतिरोध आणणारा बदलही 23एस आरआरएनए जनुकाच्या 2058 आणि 2059 या स्थानांवर नव्हता. सस्पेन्शन स्थिर ठेवण्याचा वेळ मी कोणाच्याही घाईखातर कमी करत नाही, आणि कंट्रोल (औषध नसलेल्या) वेलमधून वसाहतींची मोजणी दर वेळी करतो. मिलिलिटरला 1 ते 5 लाखांच्या पलीकडे आकडा गेला, तर ती प्लेट बाद.

माध्यमाचा पीएच 7.3 ते 7.4 असावा, आम्लता वाढली की मॅक्रोलाइडची एमआयसी फुगते. मॅकच्या पारदर्शक वसाहती निवडाव्यात, कारण अपारदर्शक वसाहती औषधांना अधिक संवेदनशील असतात. मॅकची प्लेट सातव्या दिवशी वाचावी, मात्र कंट्रोलमध्ये वाढ पुरेशी नसेल तर चौदा दिवसांपर्यंत थांबावे. अर्धवट वाढीवरून एमआयसी ठरवणे म्हणजे अंदाज बांधणे होय. प्लेट नीट बंद नसेल, तर एवढ्या दिवसांत वेल सुकतात. मायकोबॅक्टेरियम मरीनम 37 अंशांवर ठेवून वाढ नाही अशी तक्रार करू नये, त्याला 30 अंश लागतात. शुद्धता तपासणारी प्लेट वगळली, तर झपाट्याने वाढणारा भेसळीचा जंतूच आपल्याला एमआयसी सांगतो.

थुंकीच्या एकाच नमुन्यातून मायकोबॅक्टेरियम गॉर्डोनी निघाला म्हणून कोणी चाचणी मागितली, तर प्लेट काढण्याआधी मी डॉक्टरांना फोन करतो. तो बहुतेकदा नळाच्या पाण्यातून आलेला असतो.