गोमाशीसाठी गुळाचे आमिष नको, काळा चेंडू टांगा

ऊन आणि ओल एकत्र आली की गोठ्याभोवती चावऱ्या माश्या वाढतात. जनावर चरायचे सोडून सारखे शेपूट आपटते, पाय झाडते, कळपाच्या मध्ये घुसते आणि दूध कमी देते. मोठी गोमाशी कातडी कापून रक्त चाटते. जनावराने हाकलली की अर्धपोटीच दुसऱ्यावर जाऊन बसते आणि तोंडाला लागलेल्या रक्तातून ‘सर्रा’सारखा (रक्तातल्या सूक्ष्म परजीवीमुळे होणारा तापाचा) रोगही पसरवते.

पुष्कळ जण गूळपाण्याच्या बाटल्या टांगतात. त्यांत घरमाश्या मरतात, बिचाऱ्या मधमाश्याही मरतात, पण गोमाशी क्वचितच. चावते ती मादी. तिला अंड्यांसाठी रक्त हवे असते आणि जनावर ती मुख्यतः नजरेने हेरते. मोठे, गडद, चकाकणारे, हलणारे आणि उन्हाने तापलेले काही दिसले की ती तिकडे झेपावते. रक्त मिळाले नाही की ती उजेडाकडे, वर उडते. सापळ्याची सगळी रचना तिच्या या दोन सवयींवर बेतलेली आहे.

४० ते ५० सें.मी. व्यासाचा रबरी चेंडू घ्या आणि त्याला चकचकीत काळा रंग द्या. सात-आठ फुटांचे तीन बांबू वर एकत्र बांधून तिकाटणे उभे करा. त्यातून चेंडू दोरीने असा सोडा की तो जमिनीपासून दोन फुटांवर राहील आणि वाऱ्याने झुलेल. चेंडूच्या वर, बांबूंभोवती मच्छरदाणीच्या पांढऱ्या कापडाचा शंकू करा. त्याचा खालचा घेर चेंडूच्या वरच्या कडेपर्यंतच ठेवा. चेंडू कापडाआड झाकला गेला तर माशीला तो दिसणारच नाही. शंकूच्या टोकाला भोक ठेवून त्यावर पारदर्शक बरणी पालथी बसवा. बाटलीचा वरचा भाग कापून केलेले नरसाळे बरणीच्या तोंडात, अरुंद टोक वर करून घट्ट लावा. वर चढलेली माशी आत शिरते, पण तिला परतीची वाट सापडत नाही आणि ती उन्हाच्या तापाने मरते. विषाची गरजच पडत नाही.

जागा चुकली तर चांगला सापळाही रिकामा राहतो. तो सावलीत किंवा गोठ्याच्या आत लावू नका. पाणथळ जागा किंवा झाडी आणि जनावरे यांच्या मधोमध, भर उन्हात, दुरून दिसेल असा लावा. भोवतीचे गवत कापून ठेवा. जवळ जुने, साठवलेले गोमूत्र ठेवले तर वासाचीही मदत होते. माश्या दिसू लागताच सापळा उभा करा, बरणी भरली की रिकामी करा आणि चेंडूवरची धूळ पुसत राहा, कारण चकाकी गेली की ओढ कमी होते.

घरमाशीएवढी दिसणारी, पण जनावरांचे पाय फोडून काढणारी गोठ्यातली माशी मात्र या चेंडूला फारशी फसत नाही. तिचे नर-मादी दोघेही चावतात. ती कुजलेल्या ओल्या वैरणीत, मूत मिसळलेल्या पेंढ्यात वाढते आणि उष्ण हवेत तिची नवी पिढी साधारण तीन आठवड्यांत तयार होते. त्यामुळे गव्हाणीखालचा ओला कचरा आठवड्यातून एकदा तरी काढा, पातळ पसरून वाळवा किंवा ढीग घालून घट्ट झाका. पाणी पाजण्याची टाकी गळत असेल तर तीही याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.