सोलापुरात घर घेण्यापूर्वी परिसराची सुरक्षितता कशी तपासावी

जुळे सोलापूर, होटगी रस्ता किंवा अक्कलकोट रस्त्याकडे घर पाहायला गेलेला प्रत्येक जण दलालाला “एरिया कसा आहे?” असे विचारतो आणि त्याला “एकदम शांत” हेच उत्तर मिळते. परंतु शांतता आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसभर सामसूम असलेली गल्ली चोरालाही सोयीची असते. म्हणून इसार देण्यापूर्वी आठ-दहा दिवस काढून ही चौकशी स्वतः करावी.

प्रथम आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा. गुन्ह्यांचा दर म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे वर्षभरात नोंदले गेलेले गुन्हे. समजा, ८० हजार वस्तीच्या हद्दीत वर्षाला ४० घरफोड्या नोंदल्या गेल्या, तर तो दर ५० होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असतील, तर त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. शिवाय त्यातील महानगरांचे तक्ते २० लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांचे असतात आणि २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. संपूर्ण शहराचा आकडा मिळाला, तरी तो आपल्या गल्लीविषयी काहीच सांगत नाही. नवी पेठेसारख्या बाजाराच्या भागात खिसा कापला जातो तो बहुधा बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकाचा, पण दर काढताना भागाकार होतो तेथील रहिवाशांच्या संख्येने, त्यामुळे असा भाग कागदावर प्रत्यक्षाहून अधिक असुरक्षित दिसतो.

यापेक्षा उपयोगी साधन म्हणजे प्रथम खबरी अहवाल, म्हणजेच एफआयआर. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार, लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळता, हे अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर घटक (म्हणजे शहर आयुक्तालय किंवा ग्रामीण पोलीस), पोलीस ठाणे आणि तारीख निवडून ते वाचता येतात. तत्पूर्वी घर शहर आयुक्तालयाच्या हद्दीत येते की ग्रामीण पोलिसांच्या, हे विचारून घ्यावे, कारण शहराच्या कडेला ही सीमा सहज लक्षात येत नाही. अहवाल उघडल्यावर केवळ कलम पाहून थांबू नये. घटना कधीपासून कधीपर्यंतच्या वेळात घडली, घटनास्थळ ठाण्यापासून कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर आहे, हे रकाने खरी माहिती देतात. मागील सहा महिन्यांच्या नोंदी वहीत मांडून दिवसाची घरफोडी, रात्रीची घरफोडी, सोनसाखळी चोरी आणि दुचाकी चोरी असे चार रकाने केले, की नेमकी कशाची काळजी घ्यायची ते दिसू लागते. दिवसा घरे फुटत असतील, तर रात्रीचा रखवालदार नेमून उपयोग नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी करावी. दुपारी दोनच्या सुमारास, संध्याकाळी दिवे लागल्यावर आणि रात्री अकरानंतर, अशा तीन वेळा त्याच गल्लीतून पायी जावे. किती दिवे बंद आहेत, मोकळ्या प्लॉटवर काटेरी झुडपे माजली आहेत का आणि आपल्याला कोणी “कोण पाहिजे?” असे विचारते का, याकडे लक्ष द्यावे. हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पूर्व भागातील कष्टकऱ्यांच्या वस्त्यांना अनेक जण न पाहताच नावे ठेवतात आणि त्याचा मला मनापासून राग येतो. तिथे मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी विड्या वळत बसलेल्या बाईची नजर दिवसभर गल्लीवर असते, अनोळखी माणूस तिच्या नजरेतून सुटत नाही. याउलट नवरा-बायको दोघेही नोकरीला जातात, अशा बंगल्यांच्या नव्या वसाहतीत सकाळी दहा ते सायंकाळी सहा पाहायला कोणीच नसते.

घर पसंत पडले, की दार तपासावे. कुलूप पाचशे रुपयांचे असते आणि कोयंडा मात्र दोन आखूड स्क्रूंवर तोललेला असतो. चोर कुलपाला हातही लावत नाही, कटावणीने कोयंडाच उचकटतो. त्यामुळे बाहेरचा कोयंडा काढून दारातच बसणारे लॅच घ्यावे आणि चौकटीत आरपार बोल्ट मारून घ्यावेत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि घरेच्या घरे गच्चीवर झोपायला जातात. तेव्हा खालचे दार केवळ ओढून घेऊ नये. मे महिन्यात आमच्या गल्लीत एका घराचे कपाट असेच रिकामे झाले आणि वर झोपलेल्या पाच जणांना सकाळपर्यंत त्याचा पत्ताही लागला नाही.

बंद घर ओळखू येते ते साध्या खुणांवरून. दारापुढे रांगोळी नसते, दुधाची पिशवी तशीच पडलेली असते आणि काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येते त्या दिवशी त्याच घराची मोटार चालू होत नाही. म्हणून गावाला जाताना शेजारच्या काकूंना किल्ली नव्हे, तर एवढी तीन कामे सोपवून जावे. जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक किंवा होम मैदानावरील शोभेचे दारूकाम पाहायला सगळे घर बाहेर पडते. त्या संध्याकाळी आळीतील दोन घरांनी पाळीपाळीने मागे थांबावे.

चोरी लहान असली, तरी फिर्याद अवश्य द्यावी, कारण नोंद न झालेला गुन्हा मोजला जात नाही आणि गस्त ठरवताना तो कोणाच्या विचारातही येत नाही. घटना घडत असताना ११२ क्रमांकावर आणि ऑनलाइन फसवणूक झाल्यास त्वरित १९३० वर फोन करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली, तरी दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. ठाण्यात नोंद घेण्यास नकार मिळाल्यास तीच खबर लेखी स्वरूपात वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे टपालाने पाठवावी. नोंद झाल्यावर अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ती घेताना घटनेची वेळ आणि चोरीस गेलेल्या वस्तूंची यादी ठाण्यातच वाचून पाहावी.