ऊस वाहतूक: मागच्या ट्रॉलीचा रिफ्लेक्टर झाकला तर नाही ना?

गाळप हंगामात ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांच्या मागून दुचाकी किंवा मोटार घुसल्याची बातमी दरवर्षी येते. अनेकदा कारण एकच असतं, मागची ट्रॉली दिसलीच नाही. रिफ्लेक्टर असतो, पण फाळक्यावर, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या दारावर. ट्रॉली भरली की मागे लोंबणारा ऊस आणि पाचट त्यावर येतं, उरलेला रिफ्लेक्टर चिखलाने माखतो. म्हणून लाल रिफ्लेक्टरचं कापड भरलेल्या उसावरच बांधा, दोन्ही कडांना आणि मधे. भरून झाल्यावर पन्नास पावलं मागे जाऊन बॅटरी मारून पाहा. चमकलं नाही तर गाडी हलवू नका, ऊसतोड टोळीची कितीही घाई असो.

थंडी वाढण्याआधी हे आजच करा. नदीकाठच्या आणि ओढ्याच्या पुलांवर पहाटे धुकं साचतं. माझा अंदाज असा की दव पडलं की धूळ ओली होऊन रिफ्लेक्टरवर चिकटते, म्हणून वाटेत एकदा फडकं मारावं. दुकानदार रंगीत दिव्यांच्या माळा आणि महागडे हॉर्न गळ्यात मारतो. ते घेऊ नका. दोन इंची लाल रिफ्लेक्टरची पट्टी आणि मागच्या ट्रॉलीपर्यंत नेलेली टेललाइटची वायर एवढं पुरतं.

निघण्यापूर्वी:
- दोन्ही हुकांच्या पिना, त्यांना लॉक, शिवाय साखळी
- ट्रॅक्टरच्या ब्रेकची दोन्ही पेडलं (डावं-उजवं) लॉकच्या पट्टीने एकमेकांना जोडलेली
- जड माल पुढच्या ट्रॉलीत
- टायरची हवा, नट
- दोन्ही ट्रॉल्यांची नोंदणी, विमा

उतारावर न्यूट्रल करू नका. ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसेल तर सगळा भार ट्रॅक्टरला ढकलतो. चढताना जो गिअर लागतो, तोच उतरताना ठेवा. वळणावर मागची ट्रॉली आतून कापते, म्हणून वळण मोठं घ्या.

जादा भरलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. ट्रॉली उलटली तर तोडलेला ऊस रस्त्यावर सुकतो, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात.

पंक्चर झाली म्हणून ट्रॉली सोडून रात्री घरी जाऊ नका. मागे लांबवर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा, एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा करा. चाकाला लावलेले दगड निघताना उचला.