घरच्या बेकिंगसाठी दणकट स्टँड मिक्सर कसा निवडावा

लोणी-साखर फेटायला किंवा केकचं मिश्रण ढवळायला जवळपास कुठलाही स्टँड मिक्सर पुरतो. त्याचा खरा कस लागतो ब्रेडचं घट्ट पीठ मळताना. मोटर तापते ती तेव्हाच, गिअरचे दात झिजतात ते तेव्हाच, आणि ओट्यावरून यंत्र सरकायला लागतं तेही तेव्हाच. म्हणून मॉडेलांची तुलना सुरू करण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहा. आपण करतो त्यातलं सगळ्यात घट्ट पीठ कोणतं? आणि एका वेळी ते किती मळतो?

बेकिंगमध्ये पाण्याचं प्रमाण मैद्याच्या वजनावर टक्क्यांत मोजतात. ५०० ग्रॅम मैदा आणि ३२५ ग्रॅम पाणी म्हणजे ६५ टक्के. बेगलचं (कड्याच्या आकाराच्या घट्ट ब्रेडचं) पीठ ५५ ते ६० टक्क्यांचं, साच्यातला रोजचा ब्रेड ६० ते ६५ टक्क्यांचा, तर चियाबाटा (जाळीदार इटालियन ब्रेड) ७५च्या पुढचा. जितकं पाणी कमी तितका हुकावर, म्हणजे पीठ मळणाऱ्या वाकड्या दांड्यावर, ताण जास्त. त्यामुळे ७५ टक्क्यांचा एक किलो गोळा हसतखेळत मळणारं यंत्र ५५ टक्क्यांच्या एक किलो गोळ्यापुढे गुरगुरायला लागतं. कोंड्यासकट दळलेलं पीठ पाणी जास्त पितं, म्हणून मैद्याच्याच प्रमाणात पाणी घातलं तर ते मैद्यापेक्षा घट्ट होतं. हिशोब करताना हे विसरू नका.

आता वजन. ५०० ग्रॅम मैदा, ३२५ ग्रॅम पाणी, मीठ आणि यीस्ट मिळून साधारण ८४० ग्रॅमचा गोळा होतो, म्हणजे एक मोठा ब्रेड. दोन ब्रेड एकदम करत असाल तर एक किलो मैदा आणि जवळपास १,७०० ग्रॅमचा गोळा धरा. हा आकडा हाताशी ठेवून माहितीपुस्तिकेतली क्षमता बघा. खोक्यावरची नव्हे, पुस्तिकेतली. खोक्यावर भांडं किती लिटरचं ते ठळक छापलेलं असतं, पण तो आकडा काठापर्यंतचा असतो आणि यंत्र किती पीठ मळेल याबद्दल तो काहीच सांगत नाही. पुस्तिकेत मात्र बहुधा मैदा किती ग्रॅम, घट्ट पीठ किती, अंड्यांचे पांढरे किती अशी मर्यादा दिलेली असते. आमचा ठोकताळा असा: नेहमीचा गोळा कमाल मर्यादेच्या दोन तृतीयांशात बसला पाहिजे. कमाल आकडा कधीतरी गाठण्यासाठी असतो. दर आठवड्याला त्याच काठावर चालवलेलं यंत्र लवकर दमतं.

मग सरळ सगळ्यात मोठं यंत्र घ्यावं का? नाही. मोठ्या भांड्यात लहान माप नीट फेटलं जात नाही. सात लिटरच्या भांड्यात दोन अंड्यांचे पांढरे घातले की व्हिस्क (तारांचं फेटण्याचं साधन) त्यांच्या वरूनच फिरतं, आणि ३०० ग्रॅम मैद्याचा गोळा हुकाला चिकटून नुसता गोल गोल फिरतो, मळला जात नाही. एकीकडे जोडीनं ब्रेड आणि दुसरीकडे चार जणांपुरतं मरँग (अंड्याचे पांढरे आणि साखर फेटून केलेला गोड पदार्थ) अशी दोन्ही कामं असतील, तर त्याच यंत्राला बसणारं लहान भांडं सुटं मिळतं का ते विचारा. मिळत नसेल तर पांढऱ्यांसाठी साधा हँड मिक्सर ठेवा आणि मोठं यंत्र पिठाच्या हिशोबानंच घ्या.

वॅटचा आकडा आणि हुकाचा जोर

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात वॅट असतात, आणि निवड करताना सगळ्यात कमी उपयोग त्यांचाच होतो. वॅट म्हणजे मोटर किती वीज ओढते ते. त्यातली किती ताकद हुकापर्यंत पोचते हे मोटरची जात आणि गिअरबॉक्स ठरवतात. कार्बन ब्रशवाली मोटर (ब्रश म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) मिनिटाला हजारो फेरे घेते. हुकाला मात्र पीठ मळताना भांड्याभोवती मिनिटाला साधारण ६० ते १०० चकरा पुरतात. मधली सगळी घट गिअर करतात, आणि फेरे कमी होतात त्या प्रमाणात जोर वाढतो. गिअर चांगले असतील तर ३००-३५० वॅटचं यंत्र घट्ट पीठ निवांत मळतं. ते बेताचे असतील तर हजार वॅटचं यंत्रही धापा टाकतं, कारण बरीच वीज उष्णतेतच जाते.

म्हणून विचारायचं ते हे: गिअर धातूचे आहेत की प्लास्टिकचे? मोटरची ताकद पुढे पोचवायला पट्टा असेल तर तो दातेरी आहे का? दातेरी पट्टा ताणाखाली घसरत नाही, आवाज कमी करतो आणि झिजला तर बदलता येतो, त्यामुळे पट्टा आहे एवढ्यावरून यंत्र बाद करू नका. काही चांगल्या यंत्रांत एक गिअर मुद्दाम इतरांपेक्षा नरम ठेवलेला असतो. भार हाताबाहेर गेला की मोटर जळण्याऐवजी हा गिअर तुटतो, विजेच्या फ्यूजसारखा. तो दोष समजू नका. फक्त तो गिअर सुटा मिळतो का आणि बसवून देणारा कुणी आहे का, याची खात्री करून घ्या.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी, आणि ती कुणीच बघत नाही. यंत्र आडवं करून तळाची पट्टी वाचा. तिथे व्होल्ट आणि वॅटच्या शेजारी कधीकधी ‘के बी’ ही दोन रोमन अक्षरं आणि पुढे मिनिटांचा आकडा असतो. मोटर सलग किती मिनिटं चालवायची याची ती मर्यादा आहे. तिथे पाच मिनिटं लिहिलेली असतील आणि तुमचं पीठ दहा मिनिटं मळावं लागत असेल, तर ते यंत्र तुमच्यासाठी नाही. एका घाण्यानंतर किती वेळ थांबायचं तेही पुस्तिकेत दिलेलं असतं. एकापाठोपाठ तीन-चार घाणे काढायचे असतील तर खरेदी याच आकड्यावर ठरवा. व्होल्टही तिथेच तपासा: ११० ते १२० व्होल्टवर चालणारं यंत्र २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावलं तर मोटर जळते.

डोकं उचलणारा, भांडं उचलणारा, की तिसराच

डोकं, म्हणजे मोटर असलेला वरचा भाग, मागे कलणारा प्रकार वापरायला सोयीचा. हुक बदलणं, भांड्याच्या कडा निपटणं, दोन्ही पटकन होतं. पण सगळा भार एका बिजागरीवर येतो. घट्ट पिठात डोकं वरखाली उडत असेल तर कुलूप नीट बसत नाहीये किंवा बिजागरीची पिन सैल झाली आहे. भांडं दांड्यानं वर चढवणाऱ्या प्रकारात डोकं जागचं हलत नाही, म्हणून जड कामासाठी तो जास्त भरवशाचा. त्याचा जाच एवढाच की भांडं आणि डोकं यांत जागा कमी राहते आणि मैदा घालताना थोडा बाहेर उडतो. आठवड्यातून दोनदा एक किलोवर मैदा मळणाऱ्यानं हाच प्रकार घ्यावा असं आम्हाला वाटतं.

या दोन्हींत हुक स्वतःभोवती फिरतो आणि भांड्याभोवतीही फिरतो. किचनएडनं १९१९ मध्ये आणलेलं घरगुती यंत्र आणि केनवूडचा १९५० चा शेफ याच चालीचे. अँकर्सरमचं १९४० पासूनचं यंत्र मात्र वेगळं आहे. त्यात भांडंच फिरतं आणि एक रोलर पीठ कडेला दाबत राहतो. त्यात आधी पाणी आणि मग थोडा थोडा मैदा घालायचा. उलट केलं तर तळाशी कोरडं पीठ राहतं. मोठ्या घाण्याला ते फार छान, पण हात बसायला दोन-चार वेळा लागतात. उरला स्पायरल मिक्सर. भांडंही फिरतं आणि मळसूत्री हुकही, पीठ कमी तापतं आणि ब्रेड सुरेख होतो. पण त्यात क्रीम किंवा पांढरे फेटता येत नाहीत. फक्त ब्रेडच करणाऱ्यानं त्याचा विचार करावा.

हुकाचा आकार नक्की बघा. इंग्रजी ‘सी’सारखा वाकलेला हुक पिठाला वर चढू देतो, तर मळसूत्रासारखा हुक पीठ खाली दाबत राहतो. हुक, व्हिस्क आणि मिश्रण ढवळायचं चपटं पॅडल या जोडण्या कशाच्या बनलेल्या आहेत तेही विचारा. स्टेनलेस स्टील सगळ्यात निर्धोक. नुसतं चकचकीत केलेलं अ‍ॅल्युमिनियम डिशवॉशरमध्ये घातलं की काळवंडतं आणि मग पिठाला करडा डाग लागतो. ते हातानं धुवून लगेच पुसावं लागतं. लेप दिलेल्या जोडणीचा टवका उडाला तर ती बदलावी, कारण टवके पिठात येतात.

रंगाबद्दल आम्हाला सांगण्यासारखं काही नाही. जागेबद्दल मात्र आहे. दणकट यंत्राचं वजन १० ते १३ किलो असतं. ते रोज कपाटातून काढून परत ठेवणं जमत नाही, त्याला ओट्यावर कायमची जागा लागते. ओट्यापासून वरच्या कपाटाच्या तळापर्यंतची उंची टेपनं मोजा आणि डोकं मागे कललेल्या स्थितीतली यंत्राची उंची त्यात बसते का ते बघा. बंद स्थितीत बसतं म्हणून घेतलेलं यंत्र दर वेळी ओट्याच्या कडेला ओढून उघडावं लागतं.

वॉरंटीतलं एक वाक्य शोधा: फक्त घरगुती वापरासाठी. केकच्या ऑर्डरी घेत असाल तर अशी वॉरंटी नाकारली जाऊ शकते. मग धंद्याच्या वापरासाठी बनवलेलं यंत्र घ्यावं किंवा दुरुस्तीचा खर्च आपला धरावा.

घरी आल्यावर पहिली परीक्षा

परत करण्याची मुदत संपण्याआधी दोन चाचण्या करा.

पहिली अंतराची. भांड्याच्या तळाशी चमचाभर मैदा पसरा, पॅडल लावा आणि सगळ्यात हळू स्पीडवर पाच-सहा चकरा मारू द्या. पॅडलनं मैद्यात स्वच्छ वाटा काढल्या पाहिजेत, पण धातूवर धातू घासल्याचा आवाज येता कामा नये. मैदा जसाच्या तसा राहिला तर पॅडल उंच आहे. अशा वेळी लोणी तळाशी न फेटताच राहतं. पॅडल टेकत असेल तर भांड्यावर ओरखडे पडतात. बऱ्याच यंत्रांत यासाठी स्क्रू असतो, डोक्याच्या बिजागरीपाशी किंवा भांड्याच्या दांड्यांपाशी. एका वेळी पाव फेरा फिरवा आणि पुन्हा बघा.

दुसरी घट्ट पिठाची. ५०० ग्रॅम मैदा, ३०० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम कोरडं इन्स्टंट यीस्ट. हळू स्पीडवर दोन मिनिटं एकत्र करा, २० मिनिटं झाकून ठेवा, मग पुस्तिकेत मळण्यासाठी दिलेल्या स्पीडवर सहा मिनिटं मळा. हा स्पीड बऱ्याच यंत्रांत २ क्रमांकाचा असतो. त्याहून वर पीठ मळू नका, गिअर तुटतात ते असल्या घाईनं. मधली २० मिनिटं वाया जात नाहीत. तेवढ्या वेळात मैदा पाणी शोषतो, ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिनांचं जाळं, आपोआप जुळायला लागतं आणि मोटरचं काम हलकं होतं.

मळताना जवळ उभं राहा. आवाज एकसारखा हवा. हुक पिठाला भिडल्यावर क्षणभर मंदावून पुन्हा वेग पकडत असेल तर वेग सांभाळणारं सर्किट काम करतंय. मंदावून तसाच राहिला तर हे पीठ यंत्राला जड जातंय. यंत्राच्या डोक्यावर तळवा ठेवा: कोमट चालेल, हात ठेववत नाही इतकं गरम चालणार नाही. अगदी नव्या मोटरला पहिल्या एक-दोन वेळा किंचित वास येतो. जळक्या रबराचा वास किंवा धूर दिसला तर लगेच बंद करा.

शेवटी गोळ्यात थर्मामीटर खुपसा. २४ ते २६ अंश सेल्सिअस आलं तर उत्तम. २८च्या वर गेलं तर पुढच्या वेळी थंड पाणी घ्या, कारण मळण्याच्या घर्षणानं पीठ तापतं आणि तापलेलं पीठ चिकट होऊन वेळेआधी फुगतं. पाण्याचं तापमान काढायला हवं असलेलं तापमान तीननं गुणा आणि त्यातून मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि घर्षणानं होणारी वाढ वजा करा. खोली आणि मैदा दोन्ही २८ अंशांवर, घर्षणाचे १२ धरले, आणि हवेत २५ अंश, तर ७५ वजा ६८ म्हणजे ७ अंशांचं पाणी. घर्षणाचा आकडा प्रत्येक यंत्राचा वेगळा निघतो, दोन-तीन घाण्यांत तुमचा तुम्हाला कळेल.

पीठ हुकावर चढून वरच्या दांड्याला लागत असेल तर घाणा भांड्याच्या मानानं लहान आहे किंवा पीठ फार चिकट झालंय. यंत्र बंद करून पीठ खाली ढकला, दहा मिनिटं थांबा, मग पुढे मळा. यंत्र सरकत असेल तर खालचे रबरी पाय आणि ओटा ओल्या फडक्यानं पुसून कोरडे करा, पायांवर मैद्याचा थर बसला की पकड जाते. तरी सरकलं तर घाणा दोन भागांत मळा. यंत्र चालू ठेवून दुसऱ्या खोलीत मात्र कधीही जाऊ नका.

बरेच दिवस न वापरलेल्या यंत्रात हुक बसतो त्या दांड्यापाशी तेलाचा थेंब दिसला तर घाबरू नका. गिअरबॉक्समधल्या ग्रीसपासून तेल सुटून खाली उतरतं. पुसून घ्या आणि रिकामं यंत्र दोन मिनिटं मध्यम स्पीडवर चालवा. भांड्यात पडण्याइतकं तेल येत असेल तर गिअरबॉक्स उघडून जुनं ग्रीस काढावं आणि खाद्य यंत्रांसाठीचंच ग्रीस भरावं. जुनं यंत्र विकत घेत असाल तरी हे काम धरूनच किंमत ठरवा, आणि सोबत कार्बन ब्रशही बदलून घ्या. ते तुलनेनं स्वस्त असतात, आणि फार झिजले की मोटर ठिणग्या मारत अडखळत चालते.