डुकरांचे नमुने घ्यायला निघण्याआधी

डुकरं पटापट मरताहेत, ताप आहे, कान नि पोट जांभळं पडलंय, असा निरोप आला की गाडी काढण्याआधी प्रयोगशाळेला फोन करा. नमुने पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागात द्यायचे की पुढे भोपाळला जायचे, ते तेव्हाच विचारून घ्या. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा विषाणूजन्य, जीवघेणा ताप भारतात 2020 साली पहिल्यांदा आसाम-अरुणाचलात आढळला, त्याचं निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत झालं. आपल्याकडे आधीपासून असलेला क्लासिकल स्वाइन फिव्हर आणि हा, दोन्ही गोठ्यात उभं राहून पाहिले तर सारखेच दिसतात. त्यामुळे कितीही अनुभव असला तरी जागेवर नाव घेऊ नका, ते काम पीसीआरवर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीवर, सोडा.

पिशवीत जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळ्या हव्यातच. हेपरिनच्या नळ्या घरी ठेवा, हेपरिन पीसीआरमध्ये अडथळा आणतं. सीरमसाठी साध्या, लाल झाकणाच्या नळ्या वेगळ्या घ्या. पण एलायझावर, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीवर, फार विसंबू नका. आफ्रिकन स्वाइन फिव्हरची तीव्र लागण झालेलं डुक्कर प्रतिपिंडं तयार व्हायच्या आतच मरतं, आणि मग अहवाल निगेटिव्ह येऊन सगळ्यांनाच खोटा धीर मिळतो. क्लासिकलच्या बाबतीत लस कधी टोचली ते लिहिलं नसेल तर प्रतिपिंडं लसीची की रोगाची, हे कळायला मार्ग राहत नाही.

रक्त ताप चढलेल्या, अजून उभ्या असलेल्या डुकरांचं घ्या. वरच्या जबड्याला दोरीचा फास घालून धरायला दोन माणसं लागतात, ती आधीच सांगून ठेवा. नळी भरली की आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करा. जोरात हलवली तर रक्तपेशी फुटतात, न हलवली तर गुठळी होते. हीच नळी नंतर फ्रीझरमध्ये टाकू नका, 2 ते 8 अंशांत ठेवा.

मेलेल्या डुकराच्या नाकातून-गुदद्वारातून रक्त येत असेल तर सुरी लावण्याआधी कानाच्या शिरेतून काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर घेऊन अँथ्रॅक्स (माणसालाही होणारा जिवाणूजन्य रोग) नाही ना, ते तपासा. तो नसेल तरच प्लीहा, लिम्फ नोड, टॉन्सिल, मूत्रपिंड घ्या. आफ्रिकन स्वाइन फिव्हरमध्ये प्लीहा बऱ्याचदा फुगलेली, काळपट आणि बोटाने दाबली तर भुगा होईल अशी असते. ती तशी दिसली तर फोटो काढा, पण निदान म्हणून लिहू नका. प्रत्येक अवयव वेगळ्या डबीत. पीसीआरचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये मुळीच नको. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला वेगळा पातळ तुकडा दसपट 10% फॉर्मेलिनमध्ये ठेवा. शव सडलेलं असेल तर हात हलवत परतू नका, मांडीचं हाड घ्या, मज्जेत आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू टिकून राहतो.

तिहेरी वेष्टन, आइस पॅक, थर्माकोलचा डबा. क्लासिकलचा विषाणू आरएनएचा, त्यामुळे बर्फ कमी पडला तर तोच आधी हातचा जातो. सोबतच्या अर्जात एकूण डुकरं, आजारी, मेलेली, पहिलं लक्षण कधी दिसलं, नवीन जनावर कुठून आणलं आणि हॉटेलचं खरकटं घालतात का, हे सगळं लिहा. खरकट्याचा प्रश्न मालक टाळतो, म्हणून त्याला आधी नीट सांगा की स्वाइन फिव्हर, दोन्हीपैकी कुठलाही, माणसाला होत नाही, आणि त्याला पकडायला कोणी आलेलं नाही.

निघताना बुटांचं शेण आधी ब्रशने घासून काढा, मगच जंतुनाशकात बुडवा, कारण घाणीवर ते चालत नाही. कपडे बदला, आणि त्या दिवशी दुसऱ्या वराहपालकाकडे जाऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. अहवाल येईपर्यंत तिथून एकही डुक्कर किंवा मांस बाहेर जाता कामा नये. पीसीआर निगेटिव्ह आला आणि मरतूक थांबली नाही, तर नव्याने ताप आलेल्या जनावरांचं रक्त घेऊन पुन्हा पाठवा.