मालवणात स्नॉर्केलिंग करताय? पाय वरच ठेवा

स्नॉर्केलिंग म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघणं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली जिवंत प्रवाळं आहेत. हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. माझ्या मते इथे प्रवाळांना सगळ्यात मोठा धोका असतो तो घाबरलेल्या पर्यटकाच्या पायांचा. म्हणून तयारी आधी त्याची.

१. कॅलेंडरवर तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त आणि पाणी गढूळ. ओहोटीला तर प्रवाळावर जेमतेम हातभर पाणी उरतं. अष्टमी ते एकादशी बरी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते: एकादशीला (११ ची पाऊणपट सव्वाआठ) सकाळी सव्वाआठ. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं.

२. सनस्क्रीन पाण्यात उतरून प्रवाळांना बाधू शकतं; त्याऐवजी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला.

३. मास्क किनाऱ्यावरच तपासा. पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा, नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर बरोबर बसतोय. केस किंवा मिशी मध्ये आली की पाणी शिरतं, माणूस गडबडतो आणि सापडेल त्यावर उभा राहतो. ते ‘सापडेल ते’ म्हणजेच प्रवाळ. दगडासारखं दिसतं, पण वर जिवंत जीवांचा पातळ थर असतो आणि वाढ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. म्हणून आधी कमरेएवढ्या पाण्यात, वाळूवर, तोंडाने श्वास घेत पालथं तरंगायचा सराव करा. लाइफ जॅकेट काढू नका. दम लागला तर उताणे व्हा किंवा तरंगती ट्यूब धरा.

४. होडीत बसण्याआधी विचारा, “दादा, नांगर वाळूतच टाकता ना?” आणि माशांसाठी पाव-बिस्किटं नकोत, हेही तेव्हाच सांगा. पाव टाकला की मासे भोवती गोळा होतात, फोटो झकास येतो; पण प्रवाळावरचं शेवाळ खाणं हे त्यातल्या बऱ्याच माशांचं रोजचं काम, ते राहून जातं.

५. कयाकिंग देवबागला कर्ली खाडीत करा, भरतीबरोबर आत जा. खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या तोंडाशी ओहोटीची ओढ जबर असते. तिकडे फिरकू नका. समुद्रात डॉल्फिन दिसले तर वल्हं थांबवा. पाठलाग नको, वाट अडवणं नको. त्यांना यायचं असेल तर ते येतील.

६. मेलेला, पांढरा पडलेला तुकडाही उचलू नका. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. कोणी विकायला आणलं तरी घेऊ नका.