डार्कवुड खेळताय? मग या चुका टाळा, माझ्या सगळ्या करून झाल्यात

पोलंडच्या तीन जणांच्या अॅसिड विझर्ड स्टुडिओने बनवलेला हा गेम २०१७ ला पूर्ण रिलीज झाला, पण आपल्याकडे हॉररचा विषय निघाला की गाडी रेसिडेंट एव्हिल आणि आउटलास्टच्या पुढे जातच नाही, त्यामुळे हा बऱ्याच जणांचा राहूनच गेलाय. खेळ असा, की दिवसा जंगलात फिरून सामान गोळा करायचं आणि रात्री घरात स्वतःला बंद करून सकाळपर्यंत जिवंत राहायचं. वरून दिसणारा कॅमेरा बघून मीही "ह्यात काय घाबरायचंय" म्हणून कितीतरी दिवस नुसता घेऊन ठेवला होता. मग एकदा रात्री लावला आणि पहिल्याच रात्री मेलो. गेममधल्या म्हणजे.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की वरून दिसतंय म्हणजे सगळं दिसतंय असं समजणं. तुमच्या माणसाला फक्त समोरचा कोनाएवढा भाग दिसतो. मागची खोली दिसते, टेबल खुर्ची दिसते, पण तिथे कोणी येऊन उभं राहिलंय का ते वळून बघितल्याशिवाय कळत नाही. मी खिडकीकडे तोंड करून शहाण्यासारखा फळी घेऊन उभा होतो, मागे दार करकरलं, मला वाटलं वारा असेल. वारा नव्हता. तेव्हापासून रात्री पाठ भिंतीला लावून कोपऱ्यात उभा राहतो आणि दार समोर ठेवतो. आणि हेडफोन लावाच, स्पीकरवर खेळलात तर अर्धा गेम गेला, कारण जे दिसत नाही ते इथे फक्त ऐकू येतं. एकदम अंगावर येऊन किंचाळणारे प्रकार ह्यात नाहीतच म्हटलं तरी चालेल, म्हणून तर जास्त त्रास होतो.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. जनरेटर पेट्रोलवर चालतो, लाकडाच्या फळ्या पाडायची करवतही पेट्रोलवरच, आणि नवीन माणूस काय करतो तर जनरेटर दिवसभर चालू ठेवून बाहेर भटकायला जातो, मग मध्यरात्री भक्कन लाइट जाते आणि बोंबलत बसतो. आपल्याकडे लोडशेडिंग बघितलेल्यांनी तरी ही चूक करू नये राव. अंधार पडायला लागला की चालू करा, सकाळ झाली की बंद. खिळ्यांचंही तेच. पहिल्या दिवशी मी घरातली प्रत्येक खिडकी फळ्या ठोकून बंद केली, खिळे संपले, आणि आत काहीतरी शिरल्यावर मला स्वतःलाच बाहेर पळायला वाट नाही! एक दोन खोल्या नीट बंद करा, कपाट ढकलून दाराला लावा (ते फुकट आहे), आणि एक वाट मोकळी सोडून तिथे सापळा लावा. फक्त तो कुठे लावलाय ते लक्षात ठेवा, कारण तो तुमच्याही पायात तितक्याच प्रेमाने बसतो.

नकाशाबद्दल खूप जण विचारतात, की माझा बाण दिसत नाहीये, बग आहे का. बग नाहीये. जंगलात फिरताना तुम्ही नेमके कुठे आहात ते नकाशा सांगतच नाही, पडकं घर, शेत, रस्ता अशा खुणा बघूनच अंदाज घ्यायचा. दर वेळी नवीन गेम सुरू केला की जागांची मांडणीही थोडी बदलते, त्यामुळे यूट्यूबवरचा नकाशा बघून चालत सुटलात तर चकवा लागल्यासारखं गोल गोल फिराल. संध्याकाळ व्हायच्या बऱ्याच आधी परत फिरा. "अजून एक घर बघतो" ह्या एका वाक्याने माझे जेवढे जीव गेले तेवढे कुत्र्यांनी पण घेतले नाहीत.

मरण्यावरून आठवलं. नॉर्मल मोडमध्ये मेलात तर खिशातलं बरंचसं सामान तिथेच पडतं आणि तुम्ही घरी जागे होता, नंतर जाऊन ते उचलता येतं. म्हणजे सगळी इस्टेट अंगावर घेऊन फिरू नका, घरातल्या वर्कबेंचमध्ये (कामाच्या टेबलात) ठेवून जा. मनासारखा सेव्ह करायची सोय नाही, गेम आपोआप सेव्ह होतो, आणि रागाने बंद करून काही उपयोग नाही. पहिल्यांदाच नाइटमेअर हा सगळ्यात अवघड मोड घ्यायची हौस करू नका, तिथे एकच जीव असतो. रात्र काढलीत तर सकाळी व्यापारी दारात येतो आणि त्याच्याकडे तुमची पत वाढते, तीच वापरून सामान घ्यायचं. मी आधी ती पत गोळ्या बंदुकांवर उडवायचो. आता पेट्रोल आणि खिळे असले तर पहिले तेच घेतो, अगदी किराणा भरल्यासारखं. जखमेसाठी आधी घराजवळची विहीर बघा, दिवसातून एकदा तिथे फुकटात बरं होता येतं.

मारामारीत माऊस बडवत सुटू नका, दम संपतो आणि मग हात उचलत नाही. एक फटका, दोन पावलं मागे, परत एक फटका. दोघं तिघं असतील तर सरळ पळा, कोणी बघत नाहीये.

घरातल्या भट्टीवर एक द्रव्य शिजवता येतं, ते टोचून घेतलं की नवीन ताकद मिळते, पण काही टप्प्यांवर सोबत एक खोडही, म्हणजे तोट्याची गोष्टही, निवडायला लागते. घाईत क्लिक करू नका, वाचा, ती शेवटपर्यंत बोकांडी बसते.

आणि पैशाचा प्रश्न असेल तर, बनवणाऱ्यांनीच २०१७ मध्ये स्वतः टोरंट (फुकट डाउनलोड करायची फाइल) टाकलं होतं, ज्यांना परवडत नाही त्यांनी खेळा म्हणून. मी ते वाचलं आणि उलट दुसरी कॉपी विकत घेऊन भावाला दिली. तो अजून पहिल्या रात्रीतच आहे, खिडक्या ठोकतोय.